मॅडमच्या मुठीतलं कोपर

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आईबापांनी मोबाइल वर धरले होते. समोर आठ वर्षांची चिऊ, माझी स्वमग्न भाची, जन्मात एक शब्द न बोललेली, अक्षरांच्या पाटीवर बोट टेकवून लिहीत होती, ‘आई, मला सगळं कळतं.’ तिचं कोपर केंद्र चालवणाऱ्या मॅडमच्या मुठीत होतं. बायका डोळे पुसत होत्या. मला अजून ‘ळ’ शोधायला पाटीत डोकं घालावं लागतं; चिऊ पंख्याकडे बघत लिहीत होती.

गप्प बसणं भाग होतं. वर्तनोपचाराच्या पदव्युत्तर शिक्षणातलं माझं प्रात्यक्षिक याच केंद्रात होतं. तीनशे तासांवर मॅडमची सही नाही, तर पदवी नाही. शिवाय चिऊला आणि तिच्या आईला इथे मीच आणलं होतं. चिऊची आई माझी कॉलेजातली मैत्रीण, मग भावजय झाली. आम्ही अजून नावानेच हाका मारतो.

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. “चिऊ, ही तुझी कोण?”

बोट सरकत गेलं. मावशी.

टाळ्या पडल्या. फक्त भावजयीने वाजवल्या नाहीत. “ही आत्या आहे,” ती हळूच म्हणाली.

“मुलांना रक्ताची नाती दिसत नाहीत, माया दिसते,” मॅडम म्हणाल्या. “माया मावशीचीच.”

मला राहवलं नाही. “मॅडम, तुम्ही पाठ फिरवा. मी चिऊला एक वस्तू दाखवते. तिने ती लिहावी.”

“संशयाने मूल बुजतं. आणि तुझ्या तासांवर सही व्हायची आहे, विसरलीस?”

भावजय उठली. “दाखव तू.”

मॅडमना पाठ फिरवावी लागली. मी पिशवीतला लाल चेंडू चिऊला दाखवून परत ठेवला. मॅडम वळल्या, कोपर धरलं. चिऊने लिहिलं, ‘प्रेम’.

“मी चेंडू दाखवला होता,” मी म्हणाले.

मॅडमना माहीत असेल तेच चिऊ लिहिते, चुकीसकट; आमच्या नावाने हाका ऐकून मला मावशी त्यांनीच धरलं होतं. बोट तिचं, ढकलणारा हात मॅडमचा. त्या जाणूनबुजून ढकलत होत्या की त्यांनाही खरं वाटत होतं, ते मला माहीत नाही.

“मग ‘आई’ कोणी लिहिलं?” भावजयीने विचारलं. तिच्या हाती आलेला तो एक शब्द मीच हिसकावून घेतला होता.

तेवढ्यात चिऊने कोपर सोडवून घेतलं, माझ्याकडे आली, पिशवीत हात घालून चेंडू काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला. या वेळी तिला कोणी धरलं नव्हतं.

माझा तासांचा फॉर्म अजून सहीविना कोराच आहे. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण कोणी तुमच्या मुलाला बोलतं करून दाखवत असेल, तर हात जोडण्याआधी एवढंच सांगा, त्याचा हात सोडा. मग काय होतं ते नीट बघा.