एक हात पुरे

रंगाऱ्यासमोर ‘एक हात’ म्हणू नये. हे डॉक्टरीणबाईंना कुणी सांगितलं नव्हतं आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

रंगारी आपल्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेला होता. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण पोर एका जागी ठरेल तर शपथ! तिच्या गुडघ्याखाली कोडाचा पांढरा डाग आला होता, तिच्याच तळहाताएवढा. बाईंनी तो दिव्याखाली नीट पाहिला आणि स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं.

“घाबरायचं नाही. हे कुणाला लागत नाही, दुखत नाही. मुगाएवढं मलम घ्यायचं आणि रोज एकदा हलका एक हात फिरवायचा. पाच दिवस लावायचं, दोन दिवस सुट्टी. जास्त लावलं तर कातडी पातळ होते. सहा आठवड्यांनी दाखवा.”

नेमकं ‘जास्त लावलं तर’च्या वेळी रंगारी छताकडे बघत होता. कोपऱ्यात ओल आली होती, आणि कुणा गाढवाने ओल न सुकवताच वर रंग फासला होता. त्यामुळे त्याच्या कानात शिरलं ते एवढंच, की एक हात.

“एक हात?” घरी येऊन तो बायकोला म्हणाला. “एका हातात कधी भिंत झाकलीय? एक हात मारून निघालो तर गिऱ्हाईक मला दारात उभं करणार नाही.”

“पोरगी आहे ती, भिंत नव्हे,” बायको म्हणाली.

“तुला काय कळतं त्यातलं? या डागाशी मी दोन हात करणार.”

आणि खरोखरच केले. सकाळी दोन हात, संध्याकाळी दोन हात, कडांना जरा जास्तच, कारण कडा उघड्या राहिल्या की काम उठून दिसत नाही. सुट्टी वगैरे नाही. अर्धं काम टाकून सुट्टी घेणाऱ्यांतला तो नव्हता.

“बाबा, पुट्टी कधी भरणार?” भिंगरी पाय लांब करून विचारायची.

“गप बस, हलू नकोस. ओघळ येईल.”

सहाव्या आठवड्यात डागाला चकाकी आली. रंगारी खूश! छाती पुढे काढून तो दवाखान्यात गेला. बाईंनी भिंग लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“किती लावत होता?”

“दोन हात. दोन्ही वेळा.”

“कडांना तीन,” भिंगरीने चुगली केली.

बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. “ही चकाकी नाही हो. कातडी पातळ झालीय. या बारीक लाल रेषा बघा, आतल्या शिरा दिसायला लागल्यात. महिनाभर मलम बंद. वेळेत आलात, बहुतेक भरून येईल. नाही आली, तर हे औषध हिला पुन्हा देता येणार नाही.”

रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या हातांची लोक वाहवा करत, त्याच हातांनी त्याने लेकीच्या पायाची ही दशा केली होती. त्या दिवसापासून त्याने तिला हात लावणंच सोडलं. बुटाची नाडी बांधायची तर “आईकडे जा”, वेणी सुटली तर “आईकडे जा”. आधी बोलता बोलता तिच्या डोक्यावर टपली मारायचा, तीही बंद.

महिन्याने कातडी भरून आली. बाईंनी मलम पुन्हा सुरू करायला सांगितलं. “आता मी नाही,” म्हणून त्याने ट्यूब बायकोच्या हवाली केली. भिंगरीने पाय ओढून घेतला.

पुढे एका सकाळी त्याला लांबूनच दिसलं, की पांढऱ्या डागात तपकिरी ठिपके उठलेत! झालं, रंग फुटला! रंगाने माखलेल्या कपड्यांनिशीच तो पोरीला घेऊन दवाखान्यात धावला.

“बाई, पुन्हा बिघडलं. आणि या वेळी मी हातसुद्धा लावला नाही हो, देवाशपथ!”

बाईंनी भिंग लावलं आणि खळखळून हसल्या. “अहो, हा तिचा स्वतःचा रंग आहे. केसांच्या मुळाशी शिल्लक असतो, तिथूनच ठिपक्या-ठिपक्यांनी वर येतो. पुढे काही एकमेकांना मिळतील, काही नाही मिळणार. पण औषध लागू पडलंय.”

रंगाऱ्याने ते ठिपके मोजायला घेतले आणि सातव्यापाशी त्याचे डोळे भरून आले. जन्मभर त्याने भिंतीवरचे ठिपके खरवडून काढले होते. भिंगरीने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा पीत होता. समोर स्टुलावर भिंगरी पाय लांब करून बसली होती, मांडीवर त्याचीच कामावरची पाटी ठेवून. पाटीवर त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘ओला रंग. हात लावू नये.’ आज त्यातलं ‘लावू नये’ जाड ब्रशने खोडलेलं होतं. वर ओघळच ओघळ. त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांत तिने लिहिलं होतं, ‘एक पुरे’.

रंगाऱ्याने कप खाली ठेवला. हात दोनदा धुतले, पुसले. मग मुगाएवढं मलम बोटावर घेऊन तो लेकीसमोर खाली बसला.