न फुटलेली सुपारी

वच्छलाबाईच्या शब्दाला आरमोरीकडच्या त्या गावात वजन होतं. बांधाचं भांडण असो की सोयरीक, बाई बोलली की बाकीचे गप. अशा बाईच्या विधवा सुनेनं मोबाइलवर स्वतःच्या लग्नाची जाहिरात टाकली, तीही फोटोसकट!

"काऊन वं पुनम, बजारात बकरी मांडते तशी मांडली का सोताले?"

"मांडली. रोज तुमच्याशीच भांडून कंटाळली मी, आत्याबाई," पुनम हसली. "आता दुसरं कोनी पाह्यजे भांडाले."

जाहिरात बघून आलापल्लीच्या खुशालचा फोन आला. बायको वारलेला, लाकडाच्या डेपोत कामाला. पुनमनं त्याला मंडईच्या दिवशी बोलावलं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की घरोघरी पाहुणे येतात, कोण कोणाला बघायला आलं हे कोणी विचारत नाही. पुनम सकाळपासून वडे तळत होती, तेही ठेवणीतली निळी साडी नेसून. वच्छलाबाई पाहुण्याला मंडई दाखवायला घेऊन निघाली.

माणूस बरा निघाला, हेच तिला खुपलं. तिचे गुडघे दुखतात हे बघून तोही हळू चालला. हा पुनमला घेऊन गेला की त्या घरात भिंतींशी बोलायचं का? जिलेबीच्या दुकानापुढं तिच्या तोंडून निघूनच गेलं, "भाऊ, तुमाले सांगाचं राह्यलं. पुनमची सुपारी फुटली कालच. पोरगी लाजते, सांगत नाई."

सुपारी फुटली म्हणजे सोयरीक पक्की. मग दुसऱ्यानं ते दार धरायचं नसतं. खुशालनं मान खाली घातली. म्हणाला, "मंग तुमी कुठी राहान, बाई? सासूले सोडून येनार नाई, असं पुनमबाईनं पहिल्याच फोनात सांगतलं होतं. मी तं तुमच्यासाठी समोरची खोली सारवून राह्यलो होतो."

बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. पण एवढी शब्दाची बाई, बोललेला शब्द गिळणार कशी? तिनं त्याला पावभर जिलेबी बांधून दिली आणि बसस्टँडची वाट दाखवली.

"पाव्हणे कुठी?" घरी पुनमनं विचारलं.

"गेला."

"जेवले बी नाई?" तिनं वड्यांवर ताट झाकलं. "तोंड नसन आवडलं माह्यं." तिथंच चुलीपाशी बसून तिनं जाहिरात काढून टाकली.

त्यानंतर पुनम भांडेनाशी झाली. वच्छलाबाईनं भाजीला नावं ठेवली, साडीला ठेवली, माहेरालासुद्धा ठेवली. "हो, आत्याबाई." बस, एवढंच.

एक दिवस पुनम धान कापायला गेली आणि फोन घरीच राहिला. वच्छलाबाईनं फोटो ओळखून खुशालला लावला.

"भाऊ, मी खोटं बोलली. सुपारी-बिपारी काई फुटली नाई."

पलीकडून खुशाल म्हणाला, "बाई, तवाही तुमीच बोलल्या, आताही तुमीच बोलून राह्यल्या. कोनतं खरं मानू? पुनमबाईले सांगा फोन कराले."

तिचा शब्द आजवर कोणी असा परत केला नव्हता. फोन पदरात बांधून ती वावरात गेली आणि कापणाऱ्या बायांसमोरच तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

पुनमचा विळा थांबला. "मी आरशात पाहनं सोडलं होतं, आत्याबाई," ती म्हणाली. फोन घेतला आणि पार दूरच्या बांधाकडं चालत गेली.

बाया वच्छलाबाईकडं बघत राहिल्या. एरवी तिनं एकेकीला सुनावलं असतं. पुनमच्या वाट्याची धानाची पात अर्धी राहिली होती. बाई गुडघे धरून वाकली आणि कापायला लागली.