‘तयार’ लिहिलेली बाटली

कोतोहाच्या काखेतला थर्मामीटर टिटिट् वाजला आणि खोलीतली शांतता मोडली. सदतीस पॉइंट चार. ताप उतरतोय. साडेसदतीसच्या वर गेला की पाळणाघरात घेत नाहीत, म्हणून तीन दिवस आम्ही मायलेकी घरातच. आता पुन्हा पेंगलीय, तेवढ्यात लिहून घेते.

आमच्या प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींचे ठिपके मांडतात, भोवती त्यांना जगवणाऱ्या दुसऱ्या पेशी. बशीत नुसत्या सोडल्या तर पेशी कुठंही पसरतात. म्हणून दोन द्रावणं घ्यायची, दोन्ही पाण्यातलीच, पण एकमेकांत न मिसळणारी. वर हलकं, त्याच्या तळाशी जड द्रावणाचा थेंब, त्यात पेशी. थेंब जागचा हलत नाही, पेशी त्याच्याच हद्दीत खाली बसतात. मात्र दोन्ही द्रावणं आधी रात्रभर एकत्र मुरवावी लागतात. न मुरलेलं वरचं द्रावण थेंबाला खाऊन टाकतं.

सोमवारी मुरवलेलं संपलं होतं आणि पाळणाघराचा फोन आला. मी न मुरवलेलं ताजंच बाटलीत ओतलं, वर ‘तयार’ लिहिलं आणि धावले. एवढ्यानं काय होतंय!

मंगळवारी नागिसानं त्याच बाटलीतल्या द्रावणात थेंब ठेवले. नागिसा आमच्याकडची विद्यार्थिनी, वय तेवीस. सगळे ठिपके फिसकटले. पेशी एका रुग्णानं दिलेल्या, मी तीन आठवडे जोपासलेल्या, पुन्हा न मिळणाऱ्या. दुपारी सरांनी मला लॅपटॉपवर बोलावलं, मांडीवर कोतोहा तापलेली.

“मिझोगुची, द्रावणात काही गडबड?”

“नाही सर. बाटली मीच भरली होती.”

यंदा माझ्या अकरा रजा झाल्यात. मार्चमध्ये करार संपतोय. हे सगळं त्या एका ‘नाही’त होतं. पलीकडे सर नागिसाला म्हणाले, “मग तुझा हातच कापतो. हे काम तुझं नव्हे.” ती “हो सर” म्हणाली. मी कोतोहाचं नाक पुसत राहिले.

आज चारला बेल वाजली. दारात नागिसा, हातात पुडिंगची पिशवी.

“ताई, बाळाला बरं वाटतंय ना?” आणि मग कमरेत वाकली, वाकलीच राहिली. “माफ करा. तुमची तीन आठवड्यांची मेहनत मी पाण्यात घातली.”

“अगं, सरळ उभी राहा. पुडिंग कशाला आणलंस?”

“पुढच्या वर्षी पीएचडीला नाही राहत मी. सरांना सांगून टाकलं. बाबांचं टोफूचं दुकान आहेच.” ती हसली. “ते म्हणतात, हात कापत असेल तर टोफूलाही लावू नकोस, फक्त गल्ल्यावर बस!”

मीही हसले. तोंडापर्यंत आलेलं दातांमागं धरून हसले, आणि “जपून जा” म्हणाले. जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली. एका हाकेवर ती थांबली असती.

दार लावून वळले तर कोतोहा मागं उभी, केस विस्कटलेले.

“आई, त्या ताईनं ‘माफ कर’ म्हटलं ना?”

“हो.”

“आमच्या बाई म्हणतात, कुणी ‘माफ कर’ म्हटलं की लगेच ‘असू दे’ म्हणायचं. तू का नाही म्हणालीस?”