दिसत नाही ती पट्टी

"फुगा कर. गालाचा फुगा. अजून मोठा. हं... आता फुस्स!"

प्रतिक्षाने तोंडातली हवा सोडली आणि तिला हसू फुटलं. रंभाबाईंनी त्या हसण्यातच गालावरून ब्रश फिरवून घेतला.

"बाई, मी आता बालवाडीत नाय," प्रतिक्षा म्हणाली.

"तोंड तेच हाय. तेव्हा शेंबूड पुसायचे, आता पावडर लावते. बोलू नको, ओठाची कड हलते."

रोह्याच्या लग्नाच्या हॉलमधली ही नवरीची खोली. एसी चालावा म्हणून खिडकी बंद होती आणि वर दोन ट्यूबलाइट जळत होत्या. खुर्च्यांवर साड्या, पलंगावर गजऱ्यांच्या पुड्या आणि खाली सतरंजीवर प्रतिक्षाचे जुळे चुलतभाऊ, हितेश आणि मितेश. दोघांनाही बाहेर जा म्हणून तीनदा सांगून झालं होतं. रंभाबाईंनी मात्र त्यांना एकदाही हाकललं नव्हतं. मुलं जवळ असली की त्यांचा हात जास्त चालायचा.

पेणच्या खाडीकडच्या गावात त्यांनी निवृत्त होईपर्यंत अंगणवाडी चालवली. पुढे पेणला भाचीच्या पार्लरमध्ये नुसत्या बसायला जाता जाता त्या मेकअप शिकल्या. ज्या पोरींना लाल, पिवळा, निळा ओळखायला शिकवलं, त्याच आता नवऱ्या होऊन त्यांच्यासमोर बसत होत्या.

"बाई, हे पीठ हाय?" मितेशने डबीत डोकावून विचारलं.

"पीठ नाय. माती."

"तोंडाला माती?"

"गणपतीला चालते, मग हिला का नाय? यात अभ्रक हाय, जस्ताचा सफेदा हाय. आणि लोखंडावर गंज चढतो बघ, त्या जातीचा रंग. सगळं जमिनीतलं, बारीक दळलेलं. वास नाय, चिकटपणा नाय. जिला क्रीम सोसत नाय तिच्यासाठी हे बरं."

प्रतिक्षाला क्रीम सोसत नव्हतं. साखरपुड्याला कुणीतरी जाड थर लावला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही गालांवर पुरळ उठलं. फोटो तर त्याहून वाईट आले. ते पाहून ती रंभाबाईंच्या घरी आली होती. "बाई, आल्बम उघडला तर मीच मला ओळखत नाय. लग्नात तरी मला माझ्यासारखी राहू द्या." रंभाबाईंनी तिला शब्द दिला होता.

दार ढकलून धोंडुबाई आत आली. प्रतिक्षाची आजी. सगळं आयुष्य मिठागरावर गेलेली, काठी टेकत चालणारी, पण जिभेला काठी लागत नव्हती. तिने नातीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"रंभे, काय केलंस गो? पोरीला पिठान लोलवलीस?"

"मावशी, थांबा जरा. अजून मुरायचं हाय. खाली हळद राहिलीय ना, ती दाबायची तर थोडा उजळ रंग लागतो."

"कनची हलद? सकाली मीच न्हाऊ घातली तिला. घासघासून काढली."

"यंदाची हळद चिवट हाय, मावशी. सगळ्याच पोरींच्या तोंडावर बसतेय."

हे त्या खऱ्या मनाने बोलत होत्या. या मोसमात प्रत्येक नवरीचा चेहरा त्यांना पिवळट दिसला होता आणि प्रत्येकीला त्यांनी एक पायरी उजळ पावडर लावली होती. गडब गावच्या नवरीची आई फोन करून म्हणाली होती, "फोटोत पोर पांढरीफटक आलीय हो." रंभाबाईंनी फोटोवाल्याच्या दिव्यांना दोष दिला होता.

प्रतिक्षाने आरसा उचलला आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला. बाईंना बोलायचं कसं, म्हणून ती नुसती मानेवर बोट फिरवत राहिली. मान सावळी होती, आणि हनुवटीपासून वर कुणी दुसरीच बसलेली.

तेवढ्यात नमिता धापा टाकत आत शिरली. ही प्रतिक्षाची आतेबहीण. धाटावला कंपनीत कामाला. रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट हॉलवर आली होती.

"बाई, माझ्या पण तोंडावरून जरा हात फिरवा. रातभर शिफ्ट केलीय. डोळे बघा, कांद्यासारखे झालेत."

रंभाबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. "तू पण नीट तोंड धुतलं नाय. गालावर हळद तशीच हाय."

"कसली हळद?"

"कालची."

"मी हळदीला होते कुठं? सुट्टीच नाय दिली. माझ्या वाटणीची हळद आजीनं डबीत घालून ठेवलीय म्हणे."

रंभाबाईंचा हात तिच्या हनुवटीवरच राहिला. त्यांनी नमिताचा दुसरा गाल पाहिला. मग प्रतिक्षाचा कान, मग स्वतःचा तळहात. मग पिशवीतून कापसाची नवी गुंडाळी काढली, कागद फाडला आणि कापूस मितेशसमोर धरला.

"कसा हाय हा?"

"पांढरा."

"नीट बघून सांग."

"पांढराच हाय, बाई." अवघड प्रश्न असेल म्हणून तो जास्तच जवळ जाऊन बघत होता. "पांढराशुभ्र."

रंभाबाईंना तो गाईच्या तुपासारखा दिसत होता.

धोंडुबाई काठी टेकत पुढे आली आणि तिने खाली वाकून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "आगो, मोतीबिंदू हाय तुझे डोल्यान. मना जाला तवा दूध पन चाय दिसाची. सुनेला रोज शिव्या द्याची मी, न ती बिचारी दूधच द्याची. मंग डोला कापला, घरी आली, आरशान पायलं. म्हनलं, ही कोन थेरडी आमचे घरान शिरली?"

नमिता फिसकन हसली. प्रतिक्षाही हसली. रंभाबाईंचं हसू जरा उशिराने आलं आणि लवकर गेलं. गडबची पोर त्यांच्या डोळ्यांसमोर आली. मग तिच्या आधीची, मग तिच्याही आधीची. सगळ्याजणी बिचाऱ्या "छान झालंय बाई" म्हणून पाया पडून गेल्या होत्या.

"नमिता," त्या म्हणाल्या, "शेजारच्या खोलीत नवऱ्याकडची पार्लरवाली असेल. तिला बोलाव. मी हिचं तोंड पुसून देते."

"तिच्याकडं सगळं क्रीमचंच हाय," नमिता म्हणाली. "येताना बघितलं मी."

प्रतिक्षाचा हात आपोआप गालाकडे गेला. दारावर थाप पडली. मामा बाहेरून ओरडला, "अगो, आटपा लवकर! भटजींनी घड्याळ काढून हातात धरलंय!"

प्रतिक्षाने खुर्ची रंभाबाईंच्या बाजूला वळवली. "बाई, हात तर चांगले हायेत ना तुमचे?"

"हाताला काय झालंय?"

"मग हात तुमचा. रंग आम्ही बघतो. मला तिच्याकडं नाय बसायचं."

रंभाबाईंनी पदर खोचला आणि ओल्या कापसाने सगळा चेहरा पुसून काढला. गालांवर गार पाण्याची घडी ठेवली. घडी काढल्यावर तीन डब्या उघडून झाकणांत चिमूट चिमूट पावडर घेतली आणि जिथे गाल संपून मान सुरू होते, तिथे बोटाने तीन उभ्या पट्ट्या ओढल्या.

"हितेश, मितेश, इकडं या. लपाछपी हाय. या तिघींपैकी एक पट्टी लपणार. जी दिसली ती बाद. जी सापडत नाय ती आपली."

दोघं गुडघ्यांवर उभे राहिले. नाक प्रतिक्षाच्या मानेला लागेल इतके जवळ.

"मधली लपली," हितेश म्हणाला.

"चल, शेवटची लपली," मितेश म्हणाला.

"तुला दिसत नाय!"

"दिसत नाय तीच तर सांगायची हाय!"

"वकील जालं दोगं," धोंडुबाई म्हणाली.

रंभाबाईंनी वर ट्यूबलाइटकडे पाहिलं. अंगणवाडीतही एखाद्या प्रश्नाला दोन उत्तरं आली, तर त्या मुलांना ओरडत नसत. आधी प्रश्न नीट विचारला का, ते बघत. "तुमची चूक नाय. या दिव्यात सगळेच आजारी दिसतात. चला, उन्हात."

नमिताने शालूचा घोळ उचलून धरला, रंभाबाईंनी तिन्ही डब्या घेतल्या आणि अर्धी नवरी मागच्या दाराने बाहेर आली. तिथे जेवणाची तयारी चालली होती. तोंडावर फक्त तीन पट्ट्या असलेली नवरी पाहून आचारी झारा हातात धरून उभाच राहिला.

"भजी करपतील," धोंडुबाईने त्याला सांगितलं.

रंभाबाईंनी प्रतिक्षाला कडक उन्हात न उभी करता पत्र्याच्या सावलीच्या कडेला उभी केली. "आता बघा. घाई नाय. एकानं सांगितलं म्हणून दुसऱ्यानं सांगायचं नाय."

मुलांनी पाहिलं. पहिली पट्टी चुन्याच्या रेघेसारखी उठून दिसत होती. तिसरी राखेसारखी. मितेशने बोट पुढे नेलं, मागे घेतलं.

"मधली कुठं गेली? इथंच होती."

"मी आधीच सांगितलेलं!" हितेश ओरडला.

"नमिता?"

"नाय दिसत, बाई. मधलीच."

"मावशी?"

"कापलेला डोला हाय माझा, नवा. मधलीच."

रंभाबाईंनी मधल्या डबीला झाकण लावलं आणि ती हातात घट्ट धरली. मघाशी त्यांनी स्वतः निवडून लावली होती, ती पहिली पट्टी.

खोलीत येऊन त्यांनी काम सुरू केलं. आता त्या न थांबता बोलत होत्या, मुलांना आणि स्वतःलाही. "कपाळ तेलकट हाय, तिथं आधी कागदानं तेल टिपायचं. पावडर थेट, पण थोडी. गालांवर खाडीचा वारा बसलाय, कोरडे हायेत. त्यांना आधी ओलावा द्यायचा आणि तो जिरेपर्यंत गप्प बसायचं. घाईत पावडर टाकली की ती भेगांत जाते. मग मिठागरातला सुकलेला चिखल बघितलाय ना, तसं तोंड दिसतं."

मुलं गप्प बसली. मामा पुन्हा दार वाजवून गेला. ओलावा जिरला.

त्यांनी ब्रश झाकणात गोल फिरवला, कडेवर झटकला आणि मग गालाला लावला. बारीक बारीक वर्तुळं, गालाच्या मधून कानाकडे. "रांगोळी नाय घालायची. सारवण घालायचं. पातळ हात, मग पुन्हा पातळ हात. हितेश, डावीकडं बघ, कुठं डाग राहिला?"

"नाकाच्या बाजूला."

"शाब्बास. मितेश, हनुवटी?"

"बरोबर हाय. मान न तोंड एकच झालं."

"एकच झालं ना? मग झालं."

प्रतिक्षाने आरसा घेतला. बराच वेळ पाहिला. मग उजवा गाल, डावा गाल, पुन्हा समोर. तिने आरसा ठेवला, मुंडावळ्या उचलून आजीच्या हातात दिल्या आणि कपाळ पुढे केलं.

मामा तिला घेऊन गेला तेव्हा रंभाबाई ब्रश पुसत होत्या. नमिता मागे थांबली. "बाई, खांब गावाला माझ्या मैत्रिणीचं लग्न हाय, पुढच्या महिन्यात. तिची कातडी लई नाजूक हाय. तुमचा नंबर देऊ?"

रंभाबाईंनी ब्रश डब्यात ठेवले, डबा पिशवीत ठेवला.

"दे. पण तिला सांग, आधी पेणला डोळे दाखवून येते. तोवर झालं नाय ऑपरेशन, तर घरातली दोन पोरं लागतील. भांडणारी हवीत. आणि उजेडाचं दार."

"आणि गडबवाली?" धोंडुबाईने विचारलं. तिच्या कानांवरून काहीच सुटत नसे.

"तिच्या आईला उद्या फोन करते. फोटोवाला बिचारा चांगला होता म्हणून सांगते."

त्या बाहेर हॉलमध्ये आल्या आणि दारात मिळालेल्या हळदीच्या अक्षता एका मुठीत धरून शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या. मंगलाष्टकं सुरू झाली होती. माणसं इतकी दाटली होती की मंचावर फेट्यांखेरीज काही दिसत नव्हतं. जुळे त्यांच्या मागोमाग आले आणि दोन खुर्च्यांवर चढले. रंभाबाईंनी मोकळा हात दोघांच्या पाठीमागे आडवा धरला.

"मितेश, अंतरपाट कुठल्या रंगाचा हाय रे?"

"पांढरा. मधी लाल स्वस्तिक."

"मला पिवळा दिसतो."

मितेशने खुर्चीवरून वळून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंचं उत्तर चुकलं होतं. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. "चूक!" तो आनंदाने म्हणाला.

"चूक," रंभाबाई म्हणाल्या. "बरोबर सांगितलंस."

सनई-चौघड्याची टेप मोठी झाली, अंतरपाट बाजूला झाला आणि हॉलभर टाळ्या उठल्या. रंभाबाईंनी टाचा उंचावल्या. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून त्यांना नवरीचा शालू दिसला, हार दिसला, वर एक सोनेरी, धूसर चेहरा दिसला. त्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही.

"सांग रे. कशी दिसते?"

मितेशने नीट पाहिलं. घाई केली नाही.

"घरी असते तशी," तो म्हणाला.

रंभाबाईंनी टाचा खाली टेकल्या. मूठ उघडून पाहिली. तिच्यातल्या अक्षता तेवढ्या खरोखरच पिवळ्या होत्या. त्यांनी हात उंच केला आणि त्या लोकांच्या डोक्यांवरून, जमेल तितक्या लांब, मंचाकडे टाकल्या.