जुळत नाही

सुनीतीबाई जोगळेकर शाळेतून निवृत्त झाल्या आणि सदाशिव पेठेतल्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत त्यांनी वधूवर सूचक केंद्र सुरू केलं. फॉर्मवर जातीचा रकाना ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं. त्या जागी त्यांनी ‘विचारसरणी’ असा रकाना घातला. वर्षभरात त्यांचे दोन सत्कार झाले.

लोक त्या रकान्यात काहीही लिहीत. कुणी ‘शाकाहारी’, कुणी ‘घरगुती’. नकार कळवताना मात्र सगळ्यांना नेमका ‘विचारसरणी’ हाच शब्द सुचे.

चंद्रपूरची उत्कर्षा रामटेके हिंजवडीत नोकरीला होती. चार महिन्यांत पाच घरांनी तिच्यासाठी एकच निरोप दिला, विचारसरणी जुळत नाही. पाचव्या निरोपानंतर ती केंद्रात आली. यातलं कुणीही मला भेटलेलं नाही, म्हणाली, मग नुसत्या आडनावावरून माझे विचार कसे कळले? सुनीतीबाईंना ते पटलं. त्यांनी तिच्यादेखत एका घरी फोन लावून चांगलं सुनावलं आणि तिला चहा करून दिला.

त्यांचा मुलगा केदार तेव्हा घरीच होता. तो तिच्याशी तासभर बोलत बसला. पुढे दोघं बाहेर भेटू लागले. दिवाळीनंतर त्याने आईला सांगितलं, आम्हाला लग्न करायचंय.

सुनीतीबाई त्याला नाही म्हणाल्या नाहीत. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी केदारला समोर बसवून उत्कर्षाला फोन लावला.

“तू गुणी मुलगी आहेस. पण आमच्या घरची विचारसरणी जरा वेगळी आहे.”

“कोणती, काकू?”

बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना मराठी शिकवलं होतं. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुम्ही फोन करताय हे केदारला माहीत आहे?”

त्यांनी केदारकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होता.

“आहे,” त्या म्हणाल्या.

शनिवारी उत्कर्षा आपला फॉर्म आणि फोटो परत न्यायला आली. सुनीतीबाई मंडईत गेल्या होत्या. दार केदारने उघडलं. त्याने कपाटातून दोन्ही काढून दिले आणि आईची तब्येत हल्ली बरी नसते, असं काहीतरी सांगू लागला. तिने फोटो पर्समध्ये ठेवला, फॉर्म तिथेच फाडला आणि तुकडे त्याच्या हातात दिले.

“काकूंना सांग, मी येऊन गेले.”

जिना उतरताना तिला मागून हाक ऐकू आली नाही. ती दोन मजले सावकाश उतरली होती.