यादव सरांच्या कपाटातला काळा

मित्रांनो, मी एक जुना काळा रंग आहे. पोस्टर कलरची बारा बाटल्यांची पेटी तुमच्याही घरी असेल. तिच्यात पांढरा सगळ्यांत आधी संपतो, त्याच्या मागोमाग पिवळा, आणि काळा मात्र हमखास उरतो. तोच मी. पण नुसतं उरणं वेगळं आणि कोंडलं जाणं वेगळं. मी सहा वर्षं एका लोखंडी कपाटात कोंडलेला होतो, आणि तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी! आज कुणी ऐकून घेतंय, तर पहिल्यापासून सांगतो.

काजळी, डिंक आणि पाणी घोटून मला बनवलं. नाशिकच्या एका शाळेत चित्रकलेच्या वर्गात मी आलो, तेव्हा तिथे वत्सलाबाई शिकवायच्या. त्यांनी माझं सोनं केलं. फळ्याशेजारचा सुविचार माझ्याच रंगात, स्नेहसंमेलनाचे फलक माझ्याच रंगात. "काळ्याशिवाय अक्षराला जोर नाही," असं बाई म्हणायच्या, आणि मी बाटलीत फुगायचो. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी यादव सर आले.

सर माणूस चांगला, बरं का. ब्रशचे दोन फटकारे मारले की कागदावर लिंबू तयार. पण त्यांच्या पहिल्याच तासाला माझा घात झाला. त्यांनी नदीच्या घाटावरच्या पायऱ्या रंगवायला दिल्या. पोरांनी काय करावं? सावली आली की काळा, रेघ मारायची की काळा. वर रुद्र नावाच्या एका पठ्ठ्यानं माझा अर्धा रंग सगळ्यांच्या पाण्याच्या डब्यात सांडला. वर्गभर चित्रांचा नुसता चिखल! सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"सावली काळी नसते रे बाबांनो! पायरीवरचं ऊन पिवळं, तर तिची सावली जांभळट. गडद हवं असेल तर निळ्यात तपकिरी मिसळा. काळा हा आळशांचा रंग!"

आणि त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर रबर लावलं आणि कपाटाच्या तळाच्या खणात ठेवून कुलूप घातलं. त्या दिवसापासून वर्गात काळ्याला बंदी. सांडलं रुद्रनं आणि शिक्षा मला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आत सोबतीला होता एक मोडका कंपास आणि केस झडलेला एक ब्रश. दोघेही मुके. बाहेर वर्ग चालायचा, तो मला नुसता ऐकू यायचा. पाण्याच्या रंगात आधी फिकट, मग गडद. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. लाल रंग शांत करायचा तर चिमूटभर हिरवा. सहा वर्षांत मला सगळं तोंडपाठ झालं, पण त्याचा उपयोग काय? बाहेर पोरं खिदळायची, तेव्हा मला रडू यायचं.

त्याहून वाईट म्हणजे मी वाळत चाललो होतो. माझ्या झाकणाला बारीक चीर होती. मे महिन्यात कपाट तव्यासारखं तापायचं आणि माझं पाणी उडून जायचं. आधी माझ्या कडा काचेपासून सुटल्या, मग मधोमध भेग पडली. ओरडावं तर तोंड नाही. एक दिवस आपला दगड होणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, ही धास्ती मला रोज खायची.

यंदा सरांनी आठवीला प्रदर्शनासाठी विषय दिला, 'माझ्या घरचे हात'. कुणी आईचे पीठ मळणारे हात काढले, कुणी आजोबांचे. वेदिका नावाच्या मुलीनं वडिलांचे हात घेतले. तिचे वडील गोरक्ष घोटीकडचे, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लोखंड कातायच्या लेथ मशीनवर कामाला. वेदिकाचं चित्र काही जमेना. मला आतून ऐकू यायचं, ती निळ्यात तपकिरी मिसळायची, पुसायची, पुन्हा मिसळायची.

"सर, बघा ना! हात मळलेले वाटतच नाहीत. नुसते सावलीत ठेवल्यासारखे वाटतात."

"तपकिरी वाढव अजून," सर म्हणायचे.

प्रदर्शनाला तीन दिवस उरले, आणि वेदिका आपला ड्रॉइंग बोर्ड घरी विसरून आली. दुपारी सेकंड शिफ्टला जाता जाता गोरक्षभाऊ तो द्यायला वर्गात आले. सरांना बरंच झालं.

"या, या. जरा पाच मिनिटं हात टेबलावर ठेवता का? पोरीला समोर बघून काढता येईल."

"नको सर," गोरक्षभाऊ घाईघाईनं म्हणाले. "लय घाण हायेत. साबणानं बी जात नाय. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"पप्पा, ठेवा ना," वेदिका म्हणाली.

मग खुर्ची सरकली. वेदिकाचा ब्रश पाण्यात खळबळला. बऱ्याच वेळानं वेदिकाचा आवाज आला, घाबरलेला, पण स्पष्ट.

"सर, ही सावली नाहीये. पप्पांनी हात हलवला की सावली बदलते. नखांत आहे ते बदलत नाही. हे ऑइल आहे, सर. हे काळंच आहे."

सरांची पावलं तिच्या टेबलाशी आली. आता ते तिला रागावणार आणि मी इथेच मरणार, असं मला वाटलं. तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. गंजलेलं कुलूप कुरकुरत निघालं, रबर सुटलं, वर्तमानपत्र उलगडलं आणि सहा वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला.

पण माझं झाकण निघेना. सरांनी जोर लावला, रुमालात धरून पिळलं. काही नाही. तेव्हा गोरक्षभाऊंनी मला हातात घेतलं. खरबरीत, उबदार हात. एक हिसका, आणि झाकण खटकन निघालं. सरांनी आत डोकावलं.

"अरेरे, पार दगड झालाय. टाकून द्यावा लागेल."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो उजेड मला कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाण्यापुरताच मिळाला होता तर!

"थांबा सर," गोरक्षभाऊ म्हणाले. "जाम झालेला नट बी लगेच सुटत नाय. तेल सोडायचं आन् मुरू द्यायचं. याला पाणी सोडा."

वेदिकानं ब्रशनं थेंब थेंब पाणी सोडलं. मी रात्रभर ते पीत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिनं ब्रशच्या दांड्यानं मला घोटलं. बराचसा मी खडाच राहिलो, पण चमचाभर रंग सुटला. सर मागे उभे होते.

"सगळीकडे नको. नखांच्या कडांना आणि त्या भेगांत. बाकी तुझं निळं-तपकिरी राहू दे," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तुला सांगायला हवं होतं गं. सावलीत काळा नको, एवढंच खरं होतं. मी त्याला उगाच कोंडून घातलं."

बाटलीतले खडे कचऱ्यात गेले. त्याचं मला वाईट वाटतं, पण थोडंच. कारण आता मी त्या चित्रात आहे, दहा नखांच्या कडांना. चित्राला चौकट केलीय. म्हणजे पुन्हा काचेमागे अडकलोच म्हणा! फरक इतकाच, की इथून मला सगळं दिसतं.

प्रदर्शनाच्या दिवशी गोरक्षभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून. शेजारी कुणाची तरी आई चित्रापाशी थबकली. "अगंबाई! कुणाचे गं हे हात?"

वेदिका काही बोलायच्या आत गोरक्षभाऊंनी खिशातून हात काढले आणि माझ्यासमोर काचेला लावून धरले, नखाला नख.

"माझे," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या पेटीतही माझा एखादा भाऊ असेल. त्याचं झाकण घट्ट लावत जा. आणि तरीही तो वाळलाच, तर लगेच टाकू नका. त्याला थोडं पाणी सोडा आणि मुरू द्या.