फोटोतली दुसरी बाई

अल्बम मांडीवरून घसरला आणि मिस हार्कोर्टचा पाय त्याला लागला. म्हातारी कशीबशी वाकली, बोटं अल्बमला लावली आणि डोळ्यांना लावली.

श्यामला हातात कंगवा धरून बघतच राहिली. लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या त्या केअर होममध्ये तिला नऊ वर्षं झाली होती, पण पाय लागला म्हणून नमस्कार करणारी मडम तिनं आजवर पाहिली नव्हती. आणि मडम तरी कोण, तर पन्नासच्या दशकातली हॉलिवूडची नटी. अकरा सिनेमे, तीन नवरे, जन्म इंग्लंडातच, केंटमधला. खोलीच्या दारावरच्या कार्डावर तसं छापलेलंच होतं.

आता श्यामला मुळातच चौकस, ती कसली गप्प बसतेय? तिनं दार लोटलं आणि सरळ मराठीत विचारलं, “हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

मिस हार्कोर्टनं दार नीट लागलंय ना ते बघून घेतलं. “आईनं,” ती म्हणाली. मग मराठीतच, एकेक शब्द चाचपत, “खडकीला. बाप गोरा सोल्जर. स्टुडिओ म्हणाला, केंट सांगायचं. तू कुणाला बोलू नको.”

“माझ्या पोटात राहील.”

राहील कसलं! तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी टाकायला तिचे हात शिवशिवत होते. तिनं अल्बम उचलला. एका फोटोत झालरीच्या फ्रॉकातली पोर, आणि मागं नऊवारीतली अनवाणी बाई.

“ह्याच का त्या?”

“हं. लोक विचारायचे, ही कोण. मी सांगायची, मोलकरीण.”

श्यामलाला रागच आला. जन्मदात्या आईला मोलकरीण म्हणायचं? कंगवा जरा जोरातच फिरला. म्हातारीनं मान तशीच पुढं केली, तेव्हा मात्र तिला वाईट वाटलं.

अकरा वाजता सिनेमाच्या मासिकातली मुलगी मुलाखतीला आली. गोड होती बिचारी, सगळे सिनेमे बघून आलेली. अल्बम चाळता चाळता तिचं बोट त्या फोटोवर थांबलं.

“ही तुमच्याकडची मोलकरीण का?” तिनं इंग्रजीत विचारलं.

श्यामलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शब्द दिला होता. ती उगाच चादरीची घडी घालत राहिली.

“श्यामला, पडदा सरकव,” मिस हार्कोर्ट म्हणाली. उजेड आला. तिनं तो नीट तोंडावर घेतला, मान ताठ केली, आणि नव्वदीच्या त्या बाईचा आवाज एकदम खणखणीत झाला.

“नाही. ती माझी आई. खडकीची, हिंदुस्थानातली. यमुना तिचं नाव. लिहून घे.”

मुलगी चकित झाली. पण तिनं लिहून घेतलं, आणि मग साहजिकच विचारलं, “आणि आडनाव?”

मिस हार्कोर्टनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. डोळे फोटोवरून फिरले, भिंतीवरून फिरले आणि श्यामलावर येऊन थांबले.

“काय गं होतं?” तिनं मराठीत विचारलं.

श्यामला कुठून सांगणार? मुलगी कागदावर पेन टेकवून थांबली होती.